पिकअपचं आउटपुट वाढवलं की टोनचं काय होतं

गिटारचा पिकअप, म्हणजे स्ट्रिंगच्या कंपनाचा विद्युत सिग्नल करणारा चुंबक आणि तारेची कॉइल, बदलायचं डोक्यात आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "किती केचा आहे?" आठ केचा म्हणजे मध्यम, सोळा केचा म्हणजे 'हॉट', म्हणजे जास्त आउटपुटचा, आणि जितके के जास्त तितका आवाज मोठा, अशी सरळ समजूत असते. हा आकडा असतो कॉइलच्या तारेच्या डीसी रेझिस्टन्सचा, किलोओहममध्ये. तो मोजायला सोपा आहे म्हणून सगळीकडे छापला जातो. पण आउटपुटबद्दल तो अर्धवट सांगतो आणि टोनबद्दल त्याहून कमी.

तारेपासूनच सुरुवात करू. फेंडरच्या स्ट्रॅटोकॅस्टरच्या (स्ट्रॅटच्या) पिकअपमध्ये आणि गिब्सनच्या जुन्या पीएएफ हंबकरमध्ये (हंबकर म्हणजे दोन कॉइल मिळून विजेची घूं दाबणारा पिकअप) ४२ गेजची तांब्याची तार असते, जाडी साधारण ०.०६३ मिमी, म्हणजे केसापेक्षाही बारीक. ४४ गेजची तार ०.०५ मिमी. तेवढेच वेढे ४४ गेजने घातले तर रेझिस्टन्स जवळजवळ ६० टक्के वाढतो, पण वेढे तेवढेच असल्याने आउटपुट जवळपास आहे तिथेच राहतं. सीमोर डंकन कंपनीचा जेबी हंबकर १६ केच्या वर जातो त्यात या बारीक तारेचा मोठा हात आहे. तो हॉट आहे हे खरं, पण ८ केच्या पीएएफच्या दुप्पट आउटपुट तो देत नाही.

दुसरं उदाहरण तर आणखी बोलकं आहे. पी-९० हा एकाच कॉइलचा पिकअप साधारण ८ केचा, पीएएफही साधारण ८ केचा. तार एकच, वेढे मिळून दोन्हीकडे १०,००० च्या आसपास. पण पी-९० मध्ये ते सगळे एकाच कॉइलवर असतात आणि हंबकरमध्ये ५,०००-५,००० असे दोन कॉइलवर वाटलेले. इंडक्टन्स, म्हणजे बदलत्या करंटला कॉइल करते तो विरोध, वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे एका कॉइलवरचे १०,००० वेढे बरेच जड पडतात. पीएएफ साधारण साडेचार हेन्रीवर थांबतो, तर पी-९० सहा-सातपर्यंत पोहोचतो. मीटरवर दोघे जुळे दिसतात, अँपवर कुणीही फरक सांगेल.

तापमानाचंही तेच. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. २० अंशांना ८ के दाखवणारा पिकअप नागपुरात मे महिन्यात ४० अंशांच्या खोलीत ८.६ के दाखवेल. त्यामुळे "माझा ८.६ चा आहे, तुझ्यापेक्षा हॉट" ही तुलना दोन शहरांत, दोन ऋतूंत करू नये.

तरीही मीटर निरुपयोगी नाही. पिकअप शाबूत आहे का, हे तो चोख सांगतो. गिटार न उघडता मोजायचं असेल तर केबल जॅकमध्ये लावा, व्हॉल्यूम पूर्ण उघडा, सिलेक्टर एकाच पिकअपवर ठेवा, मल्टिमीटर २० केच्या रेंजवर, एक प्रोब प्लगच्या टोकाला आणि दुसरा दांड्याला. व्हॉल्यूम पॉट (नॉबखालचा बदलता रेझिस्टर) समांतर येत असल्याने आकडा थोडा कमी दिसतो: ८ केचा पिकअप ५०० केच्या पॉटसोबत ७.८७ दाखवतो, २५० केच्या पॉटसोबत ७.७५. टोन पॉटची अडचण येत नाही, कारण त्याच्या वाटेत कपॅसिटर असतो आणि डीसी त्यातून जात नाही. मीटर रेंजबाहेर गेला आणि रेंज वाढवल्यावर आकडा २५० किंवा ५०० केच्या घरात आला तर समजा की कॉइल तुटली आहे आणि मीटर फक्त पॉट मोजतो आहे. हंबकर अपेक्षेच्या अर्धाच दाखवत असेल तर एक कॉइल शॉर्ट झाली आहे किंवा कुठेतरी स्प्लिटचा (एकच कॉइल चालू ठेवणारा) स्विच ओढलेला राहिला आहे.

आता मूळ मुद्दा. वेढे वाढले की दोन गोष्टी होतात, पण सारख्या प्रमाणात नाही. सिग्नल वेढ्यांच्या प्रमाणात वाढतो, इंडक्टन्स वेढ्यांच्या वर्गाच्या. वेढे २० टक्क्यांनी वाढवले तर आउटपुटमध्ये १.६ डेसिबलची भर पडते, जी एकट्याने ऐकताना जेमतेम जाणवेल. इंडक्टन्स मात्र ४४ टक्क्यांनी वाढतो. त्याचा टोनशी संबंध असा: पिकअपचा इंडक्टन्स आणि केबलची कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) मिळून एक रेझोनन्स तयार होतो. त्या फ्रिक्वेन्सीला एक उंचवटा असतो आणि त्याच्या पुढे आवाज दर सप्तकाला साधारण १२ डेसिबलने कोसळतो. पिकअपचा 'स्वभाव' म्हणून आपण जे ओळखतो त्याचा मोठा भाग हा उंचवटा कुठे आहे आणि किती टोकदार आहे यात असतो.

आकडे घेऊन पाहू. पाच मीटरची केबल, मीटरला १०० पिकोफॅरड, म्हणजे ५०० पिकोफॅरड. त्यात पिकअपची स्वतःची शंभर-सव्वाशे पिकोफॅरड मिळवा. २.४ हेन्रीच्या स्ट्रॅट पिकअपचा उंचवटा सुमारे ४,१५० हर्ट्झवर येतो. ४.४ हेन्रीच्या पीएएफचा ३,१०० वर. साडेआठ हेन्रीच्या आसपासच्या हॉट हंबकरचा २,२०० च्या जरा खाली. पिक स्ट्रिंगवर आपटल्याची टकटक, कॉर्डमधले वेगवेगळे सूर सुटे ऐकू येणं, ती काचेसारखी चमक, हे बरंचसं ३ ते ५ हजार हर्ट्झमध्ये राहतं. उंचवटा २,२०० च्या जवळ आला की तो सगळा प्रदेश उतारावर जातो. बदल्यात मिडमध्ये जोर येतो आणि लीड बँडमधून पुढे येते. क्लीन आर्पेजिओ मात्र जाड आणि झाकोळलेले वाटतात.

केबल लांबवली तरी असंच होतं. त्याच स्ट्रॅटला दहा मीटरची केबल लावा, उंचवटा ३,१०० च्या खाली उतरतो, म्हणजे पाच मीटर केबलवरच्या पीएएफच्या जागी. म्हणून हॉट पिकअप 'गढूळ' वाटला तर आधी केबल पाहा. तीन मीटरची, कमी कपॅसिटन्सची केबल किंवा गिटारनंतर लगेच एक चांगला बफर (पिकअपला पुढच्या केबलपासून वेगळं ठेवणारं सर्किट), याने जेवढा प्रकाश परत येतो तेवढा अँपच्या ट्रेबल नॉबने येत नाही. नॉब उताराला वर उचलतो, उंचवट्याची जागा हलवत नाही.

आउटपुट वाढवायचा दुसरा मार्ग चुंबकाचा. अल्निको (ॲल्युमिनियम, निकेल, कोबाल्टचा मिश्रधातू) २ किंवा ३ पेक्षा अल्निको ५ जोरकस, आणि सिरॅमिक सहसा त्याहून पुढे. जोरकस चुंबकाने वेढे न वाढवता सिग्नल वाढतो. शिवाय हंबकरमध्ये अल्निकोच्या जागी सिरॅमिक घातला की इंडक्टन्स किंचित कमीच होतो, त्यामुळे वरची धार टिकते. सिरॅमिक 'कर्कश' म्हणून बदनाम आहे ते यामुळे. माझ्या मते ही बदनामी अन्यायाची आहे: बऱ्याच स्वस्त गिटारींत सिरॅमिक पट्टी, जाड पितळी तळपट्टी आणि ढिसाळ कॉइल एकत्र येतात, आणि दोष एकट्या चुंबकाला लागतो.

सिंगल कॉइलवाल्यांनी एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. आपल्याकडच्या वीजपुरवठ्याची ५० हर्ट्झची घूं आणि तिच्या पटीतल्या वरच्या फ्रिक्वेन्सी कॉइलमध्ये शिरतात तेही वेढ्यांच्याच प्रमाणात. वेढे वाढवल्याने सिग्नल वाढतो तशी घूंही वाढते, गुणोत्तर आहे तेच राहतं. चुंबक जोरकस केला किंवा पिकअप स्ट्रिंगजवळ आणला तर मात्र सिग्नल वाढतो आणि घूं तिथेच राहते. अर्थिंग धड नसलेल्या रिहर्सल रूममध्ये हा फरक कानाला स्पष्ट कळतो.

मग हॉट पिकअप हवेत कशाला? याचं उत्तर १९७० च्या दशकात आहे. त्या काळच्या बहुतेक मोठ्या अँपना मास्टर व्हॉल्यूम, म्हणजे डिस्टॉर्शन न बदलता एकूण आवाज उतरवणारा नॉब, नव्हता. डिस्टॉर्शन हवं तर अँप पूर्ण उघडायचा, किंवा पहिल्या ट्यूबवर जास्त सिग्नल मारायचा. १९७२ साली लॅरी डिमार्झिओने सुपर डिस्टॉर्शन आणला, सिरॅमिक चुंबक आणि साडेतेरा केच्या वर वाइंडिंग, तो नेमका यासाठी. १९७५ मध्ये मार्शलने मास्टर व्हॉल्यूमचा २२०३ अँप आणला, नंतर अँपमध्ये गेनच्या पायऱ्या वाढत गेल्या, दशकाच्या शेवटी ट्यूब स्क्रीमरसारखी पेडल्स आली. आज गेनची टंचाई कुणालाच नाही. त्यामुळे "गेन कमी पडतो म्हणून हॉट पिकअप" हे कारण मला पटत नाही. सहा डेसिबल हवे असतील तर क्लीन बूस्ट पेडल सिग्नल दुप्पट करतं आणि उंचवट्याची जागा राखतं, वर पायाने बंदही करता येतं. हॉट पिकअप घ्यावा तो त्याचा पुढे झुकलेला मिड आणि गोल झालेला वरचा भाग आवडतो म्हणून. जाड गेजच्या स्ट्रिंग्ज, खालचं ट्यूनिंग आणि हाय गेन यांच्यासोबत तो स्वभाव कामाला येतो. क्लीन, फंक किंवा हलक्या ब्लूजसाठी तो आडवा येतो.

हॉट पिकअपमुळे अँप लवकर क्लिप होतो (सिग्नलचे माथे कापले जातात), म्हणजे हळू आणि जोरात वाजवण्यातलं अंतर घटतं. ज्यांची सगळी कला उजव्या हातात आहे त्यांना हे आधी खटकतं. घरी ऑडिओ इंटरफेसमध्ये थेट वाजवणाऱ्यांनी वेगळी काळजी घ्यावी: जोरात स्ट्रम केल्यावर हॉट हंबकर क्षणभर १ व्होल्टच्याही वर जाऊ शकतो, आणि तिथलं क्लिपिंग ट्यूबसारखं गोड नसतं. इन्स्ट्रुमेंट इनपुट निवडा, सगळ्यात जोरदार कॉर्ड वाजवा आणि मीटर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असा गेन लावा. सिंगल कॉइलसाठी बनवलेला प्रीसेट हंबकरवर घाणेरडा वाटतो तोही सहसा याचमुळे. आधी इनपुट ट्रिम उतरवा, मग ईक्यूला हात लावा.

पैसे खर्च करण्याआधी उंची. पिकअपच्या आउटपुटवर तुमच्या हातात असलेला सगळ्यात मोठा ताबा इथेच आहे, आणि बहुतेक गिटारींत ती दुकानातून आली तशीच असते.

आधी नव्या स्ट्रिंग्ज, ट्यूनिंग आणि ॲक्शन (स्ट्रिंगची फ्रेटपासूनची उंची). ॲक्शन बदलली की पिकअपचं अंतरही बदलतं, म्हणून क्रम उलटा करू नका. जाडी ई शेवटच्या फ्रेटवर दाबा आणि स्ट्रिंगच्या खालच्या कडेपासून पोलपीसच्या (स्ट्रिंगखालच्या धातूच्या दांड्याच्या) माथ्यापर्यंत अर्ध्या मिलिमीटरच्या खुणांची पट्टी लावा. प्लास्टिकची पट्टी बरी, स्टीलची चुंबकाला चिकटते. मग बारीक ई. जुन्या धाटणीच्या स्ट्रॅट पिकअपसाठी फेंडर जाड बाजूला २.४ आणि बारीक बाजूला २ मिमी सुचवते. हंबकरसाठी गिब्सनचे आकडे नेकला (मानेकडच्या पिकअपला) २.४ आणि ब्रिजला १.६ मिमी. ही सुरुवात समजा. अँप क्लीन, रिव्हर्ब बंद, पेडल काढलेली, बेस-मिड-ट्रेबल मध्यावर. स्क्रू घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवला की पिकअप वर येतो. एका वेळी अर्धाच फेरा द्या आणि तेच दोन-चार बार पुन्हा वाजवा. माझा सल्ला, पिकअप आधी मुद्दाम खूप खाली न्या, आवाज पातळ होईपर्यंत, आणि तिथून वर या. वरून खाली येताना मोठा आवाजच चांगला वाटत राहतो आणि कान फसतो.

खूप जवळ गेल्याची लक्षणं स्पष्ट असतात. जाड्या ई वर बाराव्या फ्रेटच्या पुढे सूर थरथरतो, एकाच नोटमध्ये दोन सूर भांडल्यासारखे वाटतात, इंटोनेशन काही केल्या बसत नाही. चुंबक स्ट्रिंगला खेचतो, त्याने तिचं मोकळं आंदोलन बिघडतं आणि सस्टेनही घटतो. अल्निको ५ चे दांडे थेट स्ट्रिंगखाली असलेल्या सिंगल कॉइलमध्ये हे सगळ्यात जास्त, आणि स्ट्रॅटमध्ये असे तीन पिकअप एकदम ओढत असतात. त्यातला नेक पिकअप आधी उतरवा. हंबकरमध्ये चुंबक खाली आडवा असतो, ओढ सौम्य, म्हणून तो अधिक जवळ चालतो. फार लांब नेला तर सिग्नल घटतो पण घूं तेवढीच राहते, मग अँप चढवल्यावर तीच आधी ऐकू येते.

उंचीची मर्यादाही सांगितली पाहिजे. पिकअप खाली नेला की आउटपुट कमी होतं, हल्ल्याची धार थोडी मऊ होते, पण इंडक्टन्स तोच राहतो. म्हणून १६ केचा पिकअप कितीही खाली नेला तरी तो पीएएफ होत नाही. त्याचा उंचवटा २,२०० च्या जवळपासच राहणार, फक्त आवाज लहान होणार.

उंचवट्याची उंची ठरते पॉटवर. सिंगल कॉइलला २५० के आणि हंबकरला ५०० के हा नियम सगळ्यांना पाठ असतो, कारण इतकंच की पॉट पिकअपवर भार टाकतात आणि उंचवटा दाबतात. इंडक्टन्स जास्त तितका हा भार जास्त जाणवतो. २.४ हेन्रीच्या स्ट्रॅटवर २५० केचे व्हॉल्यूम आणि टोन लावले तरी उंचवटा शाबूत राहतो. तेच दोन पॉट साडेआठ हेन्रीच्या हंबकरवर लावले तर तो जवळजवळ सपाट होतो. एचएसएस स्ट्रॅटमध्ये (एक हंबकर, दोन सिंगल कॉइल) ब्रिजला हॉट हंबकर बसवल्यावर "अँपवर गोधडी टाकल्यासारखा" आवाज येतो तो बहुधा याच कारणाने. पॉट बदलायचे असतील तर सोल्डर करण्याआधी प्रत्येक पॉट मीटरवर मोजून घ्या. २० टक्के इकडेतिकडे चालतं असं धरून ते बनतात, त्यामुळे ५०० लिहिलेला पॉट ४१० चाही निघतो. हॉट पिकअपला त्यातला मोठा द्या.

हॉट पिकअप घेऊन व्हॉल्यूम उतरवून क्लीन वाजवणाऱ्यांसाठी ट्रेबल ब्लीड, म्हणजे व्हॉल्यूम उतरवला तरी वरची धार टिकवणारी जोडणी, जवळजवळ आवश्यक आहे. व्हॉल्यूम पॉटच्या इनपुट आणि मधल्या पायात १,००० पिकोफॅरडचा कपॅसिटर आणि त्याला समांतर १५० के रेझिस्टर. नुसता कपॅसिटर लावला तर व्हॉल्यूम खाली गेल्यावर आवाज पातळ आणि टोचरा होतो. चार तारांचा हंबकर असेल तर पुश-पुल पॉटवर दोन्ही कॉइल समांतर जोडून पाहा. आउटपुट सुमारे निम्मं, इंडक्टन्स चौथ्या हिश्शावर, घूं मात्र दबलेलीच. हॉट हंबकरमधून स्वच्छ आवाज काढायला मला स्प्लिटपेक्षा हे जास्त पटतं.

ॲक्टिव्ह पिकअपना यातलं फारसं लागू नाही. ईएमजी ८१ सारख्या पिकअपमध्ये प्रीअँप आतच असतो, नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो, आउटपुट इम्पिडन्स १० के, पॉट २५ केचे. केबल लांब असली तरी टोन ढळत नाही. अशा गिटारीत चुकून ५०० केचे पॉट राहिले तर व्हॉल्यूम स्विचसारखा वागतो, सगळा बदल नॉबच्या एका टोकाला गोळा होतो. आणि वाजवून झालं की केबल काढा, नाहीतर बॅटरी चालूच राहते.

राहता राहिला नेक आणि ब्रिजचा तोल. ब्रिजजवळ स्ट्रिंग कमी हलते, म्हणून तिथे थोडा जास्त आउटपुटचा पिकअप लागतो. सेटमध्ये विकले जाणारे पिकअप तसेच वाइंड केलेले असतात. फक्त ब्रिजचा बदलून सोळा केचा घातला आणि नेकला जुना साडेसातचा ठेवला, तर ब्रिज थोडा खाली आणि नेक वर करून तोल बऱ्यापैकी जमतो. वेगळ्या कंपनीचा असेल तर मधल्या पोझिशनला आवाज पोकळ आणि पातळ येतो का ते तपासा. येत असेल तर दोन पिकअपची फेज उलटी आहे, म्हणजे एकाचा सिग्नल दुसऱ्याला खोडतो आहे. चार तारांच्या पिकअपमध्ये हॉट आणि ग्राउंडच्या तारा अदलाबदल केल्या की काम झालं, पण उघडी तार, म्हणजे शील्ड, ग्राउंडलाच राहू द्या. जुन्या पद्धतीच्या एक तार आणि विणलेल्या जाळीच्या पिकअपमध्ये ही अदलाबदल करू नका. तिथे जाळी तळपट्टीला आणि कव्हरला जोडलेली असते, ती हॉट झाली की कव्हरला बोट लागताच घूं होते. अशा वेळी तळाचे चार स्क्रू सैल करून चुंबकपट्टी बाहेर सरकवा, लांबीच्या अक्षावर अर्धा फेरा फिरवा आणि परत घाला. त्याआधी पट्टीच्या एका कडेवर मार्करने खूण करून ठेवा.